भारनियमन आणि एक अर्धी तबकडी

सीडी-आर म्हणजे एकदाच लिहिता येणारी तबकडी: 1.2 मिलिमीटर जाडीच्या पारदर्शक पॉलिकार्बोनेटवर सेंद्रिय रंगाचा थर, त्यावर चकाकता धातूचा मुलामा आणि वर लॅकरचे आवरण अशी तिची घडण असते, आणि लेसरने रंग तापून जिथे डाग पडतो तिथे नोंद कायमची होते. 2001 साली आलेल्या विंडोज एक्सपीत ही सोय अंगभूत होती. फायली तबकडीच्या चिन्हावर ओढल्या की त्या आधी हार्ड डिस्कवर तात्पुरत्या थांबत आणि आज्ञा मिळाल्यावरच लेखन सुरू होई. साताऱ्या-सांगलीकडे या सोयीची परीक्षा भारनियमनाने घेतली, कारण मध्येच वीज गेली की कोरी तबकडी हकनाक बाद होई.

प्रस्तुत लेखकाच्या साताऱ्यातील घरी आजीच्या ओव्या कॅसेटवरून उतरवून सीडी मारायला घेतली असता असेच झाले. लेखन मध्यापासून कडेकडे सरकत असल्याने ती तबकडी तिरपी धरली की आतला गडद पट्टा आणि बाहेरचा कोरा भाग वेगळे दिसत. वीज कुठे गेली, ते तिच्यावर वाचता येई. दुसरी तबकडी नीट झाली, तरी आठवणीत राहिली ती हीच.

कायमची नोंद साताऱ्याला नवी नाही: चालुक्य विष्णुवर्धनाचा सातव्या शतकातील ताम्रपट साताऱ्याच्या नावाने ओळखला जातो. ताम्रपटाचे पत्रे कडीत ओवून त्यावर मुद्रा बसवीत, म्हणजे मागाहून पत्रा घुसडता येऊ नये. तरीही बनावट ताम्रपट झालेच. सीडीवर असा संशय कोणी घेतला नाही. तिचा घात बॉलपेनने केला. लेबलाच्या बाजूचे आवरण अतिशय पातळ असते, आणि नेमके तिथेच लग्नाची तारीख दाबून लिहिणाऱ्या किंवा कागदी स्टिकर चिकटवणाऱ्या स्टुडिओवाल्यांना क्षमा करणे आजही जड जाते.

2019 च्या ऑगस्टमध्ये सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णा 57 फुटांवर चढली, तेव्हा आत्याच्या घरातले लग्नाचे अल्बम लगद्यासारखे झाले. सीड्या धुऊन निघाल्या, पण भिजलेले स्टिकर सोलताना मुलामाही सोलून आला. ज्या वाचल्या त्या लावायला नव्या लॅपटॉपला ड्राइव्हच नव्हता. अखेर आत्याने त्या द्राक्षबागेत पाखरे हुसकायला दोरीने टांगल्या. अर्धी तबकडीही तिने मागून नेली. पाखरे मात्र चार-आठ दिवसांत सरावली.