टॉलरन्स ठरवायचा कशावरून?

कोड तोच, इनपुट तेच. इंटेलच्या प्रोसेसरवर टेस्ट पास होते, एआरएमवर शेवटच्या अंकांत उत्तर वेगळं येतं आणि बिल्ड अडतं. मग कुणीतरी टॉलरन्स दहापटीने वाढवतो, टेस्ट हिरवी होते आणि विषय मिटतो. मला हे मान्य नाही. किती फरक चालेल, हे त्या आकडेमोडीतूनच काढता येतं आणि तिथूनच काढायला हवं. हजार धन संख्यांची डबलमध्ये बेरीज घ्या. प्रत्येक बेरजेला राउंडिंगची सापेक्ष चूक फार तर 2⁻⁵³, म्हणजे सुमारे 1.1e-16. सगळ्या चुका एकाच दिशेने साठल्या तरी एकूण चूक 1.1e-13च्या आसपास थांबते. दोन प्लॅटफॉर्ममध्ये फार तर त्याच्या दुप्पट तफावत पडेल. अशा टेस्टमध्ये 1e-9चा फरक दिसला, तर तो प्लॅटफॉर्मच्या माथी मारता येत नाही. तिथे बग आहे, आणि टॉलरन्स सैल केला की तोच झाकला जातो. संख्यांत ऋण-धन मिसळलेले असतील तर बेरीज शून्याजवळ येऊ शकते. तेव्हा चूक निरपेक्ष मूल्यांच्या बेरजेशी ताडून पाहावी लागते.

यावर कोणी म्हणेल, सोळाव्या अंकाची एवढी चिकित्सा कशाला? कारण तो अंक तिथेच राहील याची खात्री नसते. आयईईई 754 या 1985च्या मानकाने बेरीज, वजाबाकी, गुणाकार, भागाकार, वर्गमूळ यांचं राउंडिंग बांधून दिलं. पण एफएमए सूचनेत गुणाकार आणि बेरीज मिळून राउंडिंग एकदाच होतं, आणि ती वापरायची की नाही हे बऱ्याचदा कंपायलर ठरवतो. क्ष आणि य समान असताना क्ष×क्ष − य×य शून्य यायला हवं. एफएमएमध्ये एक गुणाकार अचूक राहतो, दुसरा आधीच राउंड झालेला असतो. उत्तर कधी किंचित ऋण येतं, आणि पुढे वर्गमूळ असेल तर हाती थेट नॅन पडतो.

मग सगळीकडे बिट-न्-बिट सारखं उत्तर का मागू नये? मागता येतं. जावाने 17व्या आवृत्तीपासून, 2021 साली, मूळ क्रियांसाठी काटेकोर नियम सरसकट लागू केले. मात्र साइन किंवा घातांकासारखी फंक्शन्स प्रत्येक लायब्ररी आपल्या पद्धतीने काढते. शिवाय एका मशीनचं उत्तर प्रमाण मानलं, की त्या मशीनची चूकही प्रमाण ठरते.

तयार आकड्यांवर विसंबणं तर त्याहून घातक. नमपायच्या ऑलक्लोजमध्ये निरपेक्ष टॉलरन्स मुळात 1e-8 असतो. प्रकाशाची तरंगलांबी मीटरमध्ये लिहा: 500 नॅनोमीटरऐवजी 505 आले तरी फरक 5e-9च, आणि एक टक्क्याची चूक बिनबोभाट पास.

मोठ्या सिम्युलेशनचं असं विश्लेषण हाताने होत नाही, हा आक्षेप खरा आहे. तिथे इनपुट शेवटच्या बिटाने हलवून उत्तर किती हलतं ते मोजावं, शक्य तिथे तीच आकडेमोड जास्त प्रिसिजनमध्ये करून ताडावी, आणि निघालेल्या टॉलरन्सशेजारी तो कसा काढला हे कॉमेंटमध्ये लिहावं.