दाराबाहेरच्या चपला

सोसायटीकडून आलेल्या पत्रात सगळ्यात आधी चपलांचा उल्लेख होता. दर शुक्रवारी संध्याकाळी आमच्या दाराबाहेर बारा-पंधरा जोड दिसतात, ‘बाहेरील व्यक्तीं’ची ये-जा असते, गाण्याचा आवाज येतो आणि इथे धर्मांतराचे प्रकार चालतात अशी काही सभासदांची तक्रार आहे, तरी सात दिवसांत लेखी खुलासा करावा. खाली सही आणि गोल शिक्का.

आम्ही बोरीवली पूर्वेला राहतो. तिसरा मजला, वन बीएचके. पावसाळ्यात हॉलच्या खिडकीतून नॅशनल पार्कच्या डोंगराची हिरवी कड दिसते. शुक्रवारची प्रार्थना आमच्याकडे माझ्या जन्माआधीपासून आहे. मंडळीतली चार-पाच कुटुंबं येतात. दोन गीतं, शास्त्रपाठ, आजारी माणसांसाठी प्रार्थना, मग चहा आणि मम्मीचे पोहे. आवाज म्हणाल तर एक पेटी आहे आणि तिच्या दोन पट्ट्या कधीच्या बसल्या आहेत. धर्मांतर व्हायला आधी कुणी नवीन तर यायला हवं! आमच्यातला सगळ्यात नवा माणूस म्हणजे पुण्याहून बदली होऊन आलेले एक बँकेतले काका, आणि त्यांचे पणजोबासुद्धा ख्रिस्तीच होते.

पत्र वाचून पप्पा गप्प बसले. मी लॅपटॉप उघडला. मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. एखादी गोष्ट बिघडली की काय बिघडलं, कुठे बिघडलं, चूक कुणाची, हे मुद्देसूद लिहायची मला सवय आहे. दोन तासांत अडीच पानं झाली. संविधानाचं कलम २५, सोसायटीत वर्षभर होणाऱ्या बाकीच्या कार्यक्रमांची यादी, त्यांच्या स्पीकरच्या वेळा, आणि शेवटी कायदेशीर कारवाईचा इशारा.

आजी म्हणाली, “वाचून दाखव.” मी वाचलं. तिने डोळे मिटून सगळं ऐकलं आणि विचारलं, “सगळं खरंय. पण एवढा राग कुणावरचा गं?”

मी काही बोलले नाही. कारण तो राग सगळाच सोसायटीवरचा नव्हता, हे मला ठाऊक होतं.

माझं नाव आणि आडनाव ऐकून मी ख्रिस्ती आहे हे कुणाला कळत नाही. आम्ही नेवासे तालुक्यातले. आमची आडनावं गावातल्या बाकीच्या घरांसारखीच राहिली. पहिल्या नोकरीत एकदा जेवणाच्या सुट्टीत एकाने ग्रुपवर आलेलं एक चित्र दाखवलं: तांदळाचं पोतं, त्याच्यावर क्रूस, आणि खाली विनोद. सगळे हसले. मीही हसले. नुसती गप्प बसले असते तरी चाललं असतं, पण मी हसले. नंतर कुणीतरी विचारलं, “तुमच्याकडे गणपती दीड दिवसांचा की पाच?” मी म्हटलं, “आमच्याकडे नसतो, काकांकडे असतो.” असे कुठलेही काका मला नाहीत.

संडे स्कूलमध्ये आम्हांला पेत्राची गोष्ट असायची. अंगणात शेकत बसलेला पेत्र, ‘तूही त्याच्याबरोबर होतास ना?’ म्हणणारी दासी, आणि कोंबडा आरवायच्या आत तीनदा नाकारणं. लहानपणी मला वाटायचं, पेत्राला सैनिकांची भीती वाटली असणार. पण पहिल्यांदा विचारणारी तर एक दासी होती. मला डब्यातल्या चार जणांची भीती वाटली होती. छळ वगैरे फार लांबची गोष्ट. आपण इथे नकोसे होऊ, एवढं पुरेसं होतं.

त्या पोत्याच्या चित्राचा हिशेब मी नंतर नीट मांडून पाहिला. अमेरिकन मराठी मिशन अहमदनगरला १८३१ साली आलं. १८७६ ते ७८च्या दुष्काळानंतर त्या भागात बाप्तिस्मा घेणाऱ्यांची संख्या वाढली, हे खरंच आहे. माझे पूर्वज त्यातलेच. भुकेल्या माणसाला कुणी धान्य दिलं आणि त्याच माणसांनी त्याला शाळेतही बसवलं. ज्या पाणवठ्यावर पाय ठेवायची मुभा नव्हती, त्या गावात कुणीतरी शेजारी बसवून घेतलं. यातल्या कुठल्या क्षणी श्रद्धा सुरू झाली, हे मला सांगता येणार नाही. पण लोभाचा हिशेब मात्र उलटा बसतो. १९५०च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींचा दर्जा हिंदूंपुरता ठरला. पुढे १९५६ला शीख आणि १९९०ला बौद्ध त्यात आले, ख्रिस्ती आले नाहीत. म्हणजे तांदूळ एकदाच मिळाला असेल, पण त्याची किंमत पुढच्या पिढ्या भरत राहिल्या. फायद्यासाठी आलेली माणसं तेव्हाच परत गेली असती. माझ्या आजोबांचे वडील गेले नाहीत. आणि मी जेवणाच्या सुट्टीत हसले.

हे सगळं त्या रात्री मी आजीला सांगितलं. ती रागावली नाही. उठून कपाटातून ‘स्मृतिचित्रे’ काढलं आणि माझ्यापुढे ठेवलं. मी म्हटलं, “वाचलंय, शाळेत धडा होता.” आजी म्हणाली, “तू टिळकांसाठी वाचलंस. आता लक्ष्मीबाईसाठी वाच.”

नारायण वामन टिळकांची गोष्ट आमच्या घरात सगळ्यांना पाठ आहे. १८९३ साली आगगाडीत एका गोऱ्या प्रवाशाने हातात ठेवलेला नवा करार, डोंगरावरच्या प्रवचनाने लागलेली ओढ, आणि १० फेब्रुवारी १८९५ला मुंबईत घेतलेला बाप्तिस्मा. चर्चमध्ये ती नेहमी धैर्याची गोष्ट म्हणून सांगतात: जात सोडली, नातेवाईक सोडले, पण माणूस डगमगला नाही. आजीने दाखवलेलं पुस्तक मात्र विरोधी पक्षाने लिहिलेलं आहे. लक्ष्मीबाईंना त्या दिवशी काय वाटलं, ते त्यांनी काहीही न झाकता लिहिलं आहे. नवऱ्याने आपल्याला जिवंतपणी टाकलं, अशी ती वेदना आहे. त्या माहेरच्या माणसांकडे राहिल्या, पंढरपुरात राहिल्या. टिळकांच्या वाटेतला सगळ्यात मोठा विरोध कुठल्या धर्ममार्तंडांचा नव्हता, तो हा होता.

आणि टिळकांनी त्या विरोधाशी नातं तोडलं नाही. पत्रं लिहीत राहिले. काही वर्षांनी लक्ष्मीबाई नगरला त्यांच्याकडे राहायला आल्या, तेव्हाही सोवळं त्यांनी सोडलेलं नव्हतं. त्यांचा स्वयंपाक वेगळा. एका छपराखाली दोन चुली. विचार करा, जगासमोर ज्याने जात टाकली, त्याच्याच घरात रोज जात पाळली जात होती. टिळक तापट होते, संत नव्हते, हे लक्ष्मीबाईंनीच हसत हसत सांगितलेलं आहे. पण त्यांनी ती चूल बंद पाडली नाही. पुढे एके दिवशी लक्ष्मीबाईंना स्वतःलाच प्रश्न पडला की जाती देवाने केल्या की माणसांनी, आणि उत्तर मिळाल्यावर त्यांनी कुणाच्याही हातचं खायला सुरुवात केली. १९०० साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. स्वतःच्या पायांनी चालत गेल्या, फरफटत नाही.

“पाच वर्षं,” आजी म्हणाली. “विश्वासात टिकणं म्हणजे हे. समोरचा विरोधात असताना त्याला आपलं म्हणत राहायचं. नुसतं उभं राहायला काय, खांबसुद्धा राहतो.”

मला हे पूर्ण पटलं नाही. लक्ष्मीबाई घरच्या होत्या. तळमजल्यावरचे काका कुठे घरचे आहेत? तक्रार त्यांचीच होती. रविवारी सोसायटीच्या मीटिंगमध्ये ते मला म्हणाले, “तुमच्या लोकांनी मंडपेश्वरची लेणी बाटवली, ते सांगा आधी.”

मी त्याच संध्याकाळी रिक्षा करून मंडपेश्वरला गेले. बोरीवलीत इतकी वर्षं राहून दोनदाच गेले होते. सहाव्या शतकाच्या सुमाराची शैव लेणी. आत नटराज आहे. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांच्या काळात फ्रान्सिस्कन पाद्र्यांनी तिथे चर्च केलं, वर इमारत बांधली. लेण्याच्या एका भिंतीवर अजून मोठा क्रूस कोरलेला आहे. १७३९मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेतली, पोर्तुगीज गेले, आणि वरच्या इमारतीचे आता नुसते अवशेष उरले आहेत. आम्ही कॅथलिक नाही, आमची मंडळी नगरची, असं मी काकांना सांगू शकले असते. पण तो क्रूस पाहताना तसली पळवाट नको वाटली. काकांचं म्हणणं खोटं नव्हतं. माझ्या श्रद्धेचं चिन्ह हातात सत्ता असताना दुसऱ्याच्या देवघरात कोरलं गेलं होतं. आणि सत्ता गेल्यावर त्या भिंतींनी ते टिकवलं नाही. त्या प्रदेशातली श्रद्धा टिकली ती घराघरांत, मराठी बोलणाऱ्या माणसांच्या तोंडी.

तिथून पुढे लोकलने काही स्टेशनांवर वसई. फादर फ्रान्सिस दिब्रिटो तिथलेच. उस्मानाबादला जानेवारी २०२०मध्ये झालेल्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष म्हणून ते निवडले गेले, तेव्हा धर्मगुरू अध्यक्ष कसा, म्हणून विरोध झाला, साहित्य महामंडळाला धमकीचे फोन गेले. मी तेव्हा शेवटच्या वर्षाला होते. आजीने आम्हांला टीव्हीसमोर बसवलं. पाठीचं दुखणं घेऊन ते आले आणि ज्ञानोबा-तुकोबांचा वारसा सांगत बोलले. वसईत हरित वसईच्या आंदोलनात गुंडगिरीसमोर उभा राहिलेला माणूस, त्यामुळे भित्रा नव्हताच. पण मला आठवतं ते हे की ते मराठी वाचकांसमोर पाहुण्यासारखे बोलले नाहीत. घरच्यासारखे बोलले.

सातव्या दिवशी पप्पांनी खुलासा लिहिला. अडीच पानांतून सहा ओळी उरल्या. दर शुक्रवारी सात ते साडेआठ आमच्याकडे प्रार्थना होते. आवाजाचा त्रास झाला असेल तर क्षमस्व, खिडक्या बंद ठेवू. चपला आतल्या बाजूला काढू. दार उघडंच असतं, कमिटीतल्या कुणीही येऊन बसावं. पाचव्या ओळीसाठी मी हटून बसले: घरात प्रार्थना करणं हा आमचा हक्क आहे आणि ती बंद होणार नाही. पप्पा कचरले. आजी म्हणाली, “राहू दे ती ओळ. नम्र असावं, पण खोटं कशाला?” सहावी ओळ ‘आपला विश्वासू’.

सेक्रेटरी काका एका शुक्रवारी आले. दारात उभे राहिले, पेटी ऐकली, चहा घेतला आणि “ही पेटी दुरुस्त करा हो,” म्हणून गेले. पुढे पत्र आलं नाही. आधीचं मागेही घेतलं गेलं नाही. दोन कुटुंबं मात्र आता येत नाहीत. त्यांच्या सोसायट्यांत चौकशा नकोत म्हणून. मी त्यांना दोष देत नाही. मी कशावर हसले होते, ते मला आठवतं.

नव्या ऑफिसात नाताळच्या सुमारास कुणीतरी पुन्हा तसलंच काही दाखवलं. या वेळी मी म्हटलं, “मी ख्रिस्ती आहे. नेवाशाची. आमच्याकडे दुष्काळात बाप्तिस्मा झाला.” आवाज थोडा कापला. टेबलावर शांतता पसरली. दाखवणाऱ्याने “सॉरी, माहीत नव्हतं” म्हटलं. मी त्याच्यापुढे करंज्यांचा डबा सरकवला. त्याने घेतली. दुसरी घेतली नाही.

तळमजल्यावरचे काका अजून बोलत नाहीत. रोज सकाळी ऑफिसला निघताना ते गेटपाशी वर्तमानपत्र घेऊन बसलेले असतात. मी “नमस्कार काका” म्हणते. ते पान उलटतात. आजी रोज संध्याकाळी विचारते, “आज?”

“आज पण नाही,” मी सांगते.

“बरं,” ती म्हणते. “उद्या परत म्हण.”