न बोललेले शब्द

शस्त्रक्रिया आटोपली, की हातमोजे काढून टिपण लिहावयाचे, ही आमची जुनी शिस्त. आता आम्ही बोलतो आणि यंत्र लिहिते. धमनी कुठे बांधली, रक्तस्राव किती झाला, सारे क्षणार्धात उमटते. श्रम वाचतात, हे नाकारण्यात अर्थ नाही. परंतु २०२२ साली आलेली ‘व्हिस्पर’ ही श्रुतलेखन प्रणाली कधीकधी न उच्चारलेली वाक्येही लिहिते, आणि बोलण्यात दीर्घ विराम असल्यास हे अधिक घडते, असे २०२४ च्या एका अभ्यासात आढळले. आम्ही तर नेमके अवघड क्षणीच गप्प होतो. म्हणून सहीपूर्वी टिपण शब्दन् शब्द वाचतो. उद्या तेच पोट पुन्हा उघडावे लागले, तर दुसरा शल्यविशारद त्यावरच विसंबणार असतो.