राहात्याचे पेरू

शिर्डीहून नगरच्या रस्त्याला लागले की थोड्याच अंतरावर राहाता येते. आश्विन सरत आला की या रस्त्याच्या कडेला पेरूंच्या टोपल्या मांडल्या जातात आणि मोटारीच्या काचा बंद असल्या तरी तो वास आत शिरतोच. मूळचा हा कोरडा मुलूख. गोदावरीच्या कालव्यांनी येथे बागा उभ्या केल्या. मृग बहराची फळे शरदाच्या उत्तरार्धात तोडणीला येऊ लागतात. 'सरदार' हा येथला परिचित वाण. त्याचे जुने नाव 'लखनौ ४९', पण त्याची निवड झाली ती पुण्याच्या गणेशखिंडीत, १९२७ मध्ये.

गेल्या कार्तिकात सासूबाईंना शिर्डीला दर्शनाला नेले होते. वय वर्षे ८२. श्रावणातील तापानंतर त्यांचे जेवण चार घासांवर आले होते. ताट बाजूला सारताना त्या प्रत्येक वेळी एवढेच म्हणत, "तोंडाला चवच नाही गं." घरातील आम्हा सर्वांचे दिवस त्या ताटाभोवती फिरत होते. परतताना राहात्याला त्यांनी आपणहून गाडी थांबवायला सांगितली. एक पिवळाधमक पेरू हातात घेतला, हुंगला आणि पुन्हा टोपलीत ठेवला. कवळीखाली बी अडकली की काय होते, हे त्या जाणून होत्या.

टोपलीमागच्या बाईंच्या ते ध्यानात आले. "आजी, शिजवून खा की," त्या म्हणाल्या. "आमच्या घरी म्हाताऱ्या माणसांना तसंच देतो." गिऱ्हाइके थांबली होती, तरी त्यांनी मला सारी कृती सांगितली.

दोन पिकलेले पेरू घ्यावेत. दाबले असता किंचित दबणारे, डाग नसलेले. साल काढून चार फोडी कराव्यात आणि बियांचा मधला गर वेगळा काढावा. फोडी पाव वाटी पाण्यात, झाकण ठेवून, मंद आचेवर चमच्याने सहज मोडतील इतक्या शिजवाव्यात. बियांचा गर मात्र टाकू नये. गोडवा आणि सुगंध त्यातच अधिक. तो थोड्या पाण्यात निराळा शिजवून बारीक गाळणीतून चमच्याने दाबून गाळावा. एकही बी खाली उतरता कामा नये. दोन्ही एकत्र घोटून पूर्ण निवू द्यावे आणि मगच अर्धी वाटी गोडे दही, मीठ व भाजलेल्या जिऱ्याची पूड घालावी. (पहिल्या दिवशी मी घाई केली आणि दही फुटले.) वरून तूप, जिरे, हिंगाची फोडणी. राहात्याच्या बाई गूळही घालतात. सासूबाईंना मधुमेह असल्याने मी तो घालत नाही, आणि पिकल्या फळाला त्याची गरजही भासत नाही.

ही कोशिंबीर जेवणाच्या आरंभी, दोन-तीन चमचेच द्यावी. पेरूत 'क' जीवनसत्त्व संत्र्याहून कितीतरी अधिक असते आणि शिजवल्याने त्यातील काही नष्ट होते, हे खरे. परंतु कच्चे फळ चावताच येत नसेल, तर त्या हिशेबाला फारसा अर्थ उरत नाही. मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी मात्र पोटॅशियममुळे डॉक्टरांना विचारूनच पेरू घ्यावा. गिळताना ठसका लागत असेल, तर असा मऊ पदार्थही सल्ल्याशिवाय देऊ नये.

सासूबाईंनी पहिल्या रात्री दोन चमचे खाल्ले आणि काही बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी भाकरीचा मऊ पापुद्रा त्यात कुस्करून मागितला. चौथ्या दिवशी वाटी पुढे करून म्हणाल्या, "आज हिंग कमी पडलाय." माझ्या स्वयंपाकावरची श्रावणानंतरची ती त्यांची पहिली तक्रार होती.