गीझरास, सप्रेम नमस्कार

प्रिय गीझर,



तू आत्ता ड्राय बाल्कनीत, वॉशिंग मशीन आणि मुलाची जुनी सायकल यांच्या मधे आडवा पडला आहेस. उद्या सकाळी भंगारवाला येईल. घरात आहेस तोवर लिहून टाकावं म्हटलं, कारण गेले दोन हिवाळे मी तुझ्याबद्दल तुझ्या माघारी फार बोलले. जिन्यात बोलले, भिशीत बोलले. वीजबिल आलं की पहिलं नाव तुझं. "आमचा गीझर वीज खातो" हे मी इतक्यांदा म्हटलंय, की अण्णांनीसुद्धा, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, ते खरं मानलं होतं. त्यातलं निम्मं खोटं होतं.

तू आलास २००३ साली. आम्ही तेव्हा सदाशिव पेठेतल्या वाड्यातून कोथरूडच्या फ्लॅटमध्ये आलो होतो. वाड्याच्या न्हाणीघरात बंब होता, तांबट आळीतून आणलेला, सासूबाईंच्या लग्नाच्याही आधीचा. मधल्या नळकांड्यात जाळ आणि भोवती पाणी. कोळसे, करवंट्या, सुताराकडून आणलेल्या ढलप्या, जे मिळेल ते वरून टाकायचं. वरच्या नरसाळ्यात तांब्याभर गार पाणी ओतलं की तोटीतून तेवढंच कढत पाणी बाहेर. आग पाण्याच्या पोटातच असल्यामुळे तिची आच फारशी वाया जायची नाही. आजच्या भाषेत त्याला कार्यक्षम म्हणतात. सासूबाई म्हणायच्या, "ऊन पाणी काढून ठेवलंय." गरम पाणी असं त्यांच्या तोंडून मी कधी ऐकलं नाही.

फ्लॅटमध्ये बंब कुठे पेटवणार? तो मोडीत गेला. मोडीचे पैसे आले त्यांत थोडी भर घालून तू आलास. सासूबाईंची अट एकच होती, टाकी तांब्याची हवी. दुकानदाराने झाकण उघडून आतलं तांबं दाखवलं तेव्हा कुठे त्या हो म्हणाल्या. २५ लिटर, २ किलोवॅट, पांढरा पत्रा, पोटावर एक लाल दिवा.

तुझ्या अंगावर तारे नव्हते. असणार कुठून? ऊर्जा संवर्धन कायदा २००१ चा, त्याखालचा ऊर्जा कार्यक्षमता ब्युरो २००२ चा, आणि उपकरणांवर तारे चिकटवायला सुरुवात झाली ती २००६ मध्ये. तू त्यांच्या आधीचा.

आता त्या रात्रीचं सांगते. मागच्या जानेवारीत बिल पुन्हा तीनशे युनिटांच्या पलीकडे गेलं. तीनशेच्या पुढच्या प्रत्येक युनिटाला वरच्या टप्प्याचा दर लागतो, म्हणजे शेवटची पाच-दहा युनिटंच जास्त बोचतात. मी चिडले आणि ठरवलं की तुला रंगेहाथ पकडायचं. एका शनिवारी रात्री दहाला पाणी पूर्ण तापून तुझा लाल दिवा विझला, तसे घरातले सगळे एमसीबी खाली केले. फ्रीज बंद, वायफाय बंद. फ्रीजरमधलं आइस्क्रीम मुलाने विज्ञानाच्या नावाखाली संपवलं. फक्त तुझा एमसीबी चालू. मग टॉर्च घेऊन खाली पार्किंगमध्ये मीटरपाशी गेले. ४१२७.३ हा आकडा वहीत लिहून घेतला. वॉचमनकाकांनी विचारलं, "काही चोरी झाली का?" म्हटलं, तेच बघायचंय.

सकाळी सहाला मीटरवर ४१२८.० होतं. रात्रभर कुणी नळ उघडला नव्हता, एक थेंब पाणी वापरलं नव्हतं, आणि पाऊण युनिटाला जरा कमी वीज गेली होती. ती गेली न्हाणीघरातली हवा ऊन करायला. पाणी निवायचं, थर्मोस्टॅट टक् करायचा, तू पुन्हा पेटायचास.

मग मी कागद घेऊन बसले. हिशोब शाळेतलाच आहे. एक लिटर पाणी एक अंशाने तापवायला एक किलोकॅलरी लागते, आणि विजेच्या एका युनिटात ८६० किलोकॅलरी असतात. हिवाळ्यात आमच्या नळाचं पाणी वीसच्या आसपास. तुझे २५ लिटर साठ अंशांपर्यंत न्यायचे तर हजार किलोकॅलरी, म्हणजे १.१६ युनिट आणि साधारण पस्तीस मिनिटं. घड्याळ लावून बघितलं तर तुला छत्तीस लागली. वीस-बावीस वर्षांचा झालास तरी!

म्हणजे पाणी तापवण्यात तू कधीच चोरी केली नव्हतीस. कॉइल पाण्यात बुडालेली असते, तिला दिलेली वीज पाण्यातच जाते. तू असो की आज दुकानात पाच तारे मिरवणारा कुणी असो, तेवढंच पाणी तेवढंच तापवायला वीज तेवढीच. हे मला इतकी वर्षं कुणी सांगितलं नव्हतं, दुकानदार तर सांगणारच नाही. गीझरवरचे तारे पाणी स्वस्तात तापवण्याचे नसतातच. तापलेलं पाणी नुसतं राखून ठेवताना दिवसभरात किती वीज गळते, त्याचे ते गुण. लेबलवर बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं, चोवीस तासांत इतकी युनिटं, आतल्या-बाहेरच्या तापमानात ४५ अंशांचा फरक धरून. तो आकडा वाचायचा, तारे नंतर मोजायचे.

त्यामुळे खरी चौकशी आमचीच व्हायला हवी होती. अण्णा चौऱ्याऐंशीचे. पहाटे पाचला उठले की पहिला हात तुझ्या बटणावर. स्वतः अंघोळ करणार साडेआठला, पूजेच्या आधी. "पाणी तापलेलं असलेलं बरं," हे त्यांचं म्हणणं. त्यांच्यानंतर मी, मग मुलगा, त्याला वार नाही की वेळ नाही. तू पाचपासून अकरापर्यंत चालू, संध्याकाळी भांड्यांना कढत पाणी हवं म्हणून पुन्हा दोन तास. या राखण्यात महिन्याला वीस-एक युनिटं जात होती. गाजावाजा करण्याजोगा आकडा नाही. पण तीनशेच्या उंबऱ्यावर उभ्या असलेल्या घराला तो पुरतो.

खरं तर अंघोळीआधी अर्धा तास लावून, बंद करून आत जायचं, एवढंच ज्या घरात पाळतात त्यांनी धडधाकट गीझर नुसत्या ताऱ्यांसाठी बदलू नये. पैसे वसूल होईतो दुसरा हिवाळा नाही, दुसरी पिढी यायची. आणि बंद करून आत जायचं ते विजेपेक्षाही जिवासाठी. अर्थिंग ढिलं असेल तर काय होतं ते सांगायला नको.

तुला बदललं ते तू गळायला लागलास म्हणून. मार्चमध्ये खालच्या पत्र्याला हिरवट डाग दिसला, मग थेंब. प्लंबरने तुला भिंतीवरून उतरवलं, खालची चकती खोलली आणि कॉइल बाहेर काढून माझ्या हातात दिली. ती कॉइल आहे हे ओळखू येत नव्हतं. वाळत घातलेल्या सालपापड्यांसारखे पांढरे पापुद्रे, बोटाने दाबले की कुरकुरत खाली पडणारे. उन्हाळ्यात आमच्या टाकीत बोअरचं पाणी मिसळतात, त्याचा हा क्षार. "या थराने कॉइल आतल्या आत भाजते आणि जाते," प्लंबर म्हणाला. तुझ्या दोन आधीच्या कॉइली कशाने गेल्या ते तेव्हा कळलं. मग त्याने बाहेरचा पत्रा सरकवला. आत काचलोकर होती, एके काळी पिवळी असेल. टाकीचं झिरपलेलं पाणी पिऊन ती काळी पडून तळाशी बसली होती, आणि वरचा अर्धा भाग उघडा. जानेवारीतली ती ०.७ युनिटं इथून जात होती. थंडीत गोधडी पायाशी घसरलेला माणूस जसा रात्रभर कुडकुडतो, तसा तू दोन-तीन हिवाळे काढलेस, आणि मी भिशीत तुझ्या नावाने खडे फोडत होते.

तुझ्या जागी काय आणायचं यावर घरात महिनाभर खल चालला. मुलाचं मत सोलर. शेजारच्या सोसायटीच्या गच्चीवर आहे, महापालिका मालमत्ता करात सवलतही देते. पण आम्ही सात मजल्यांच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर. गच्चीवरून खाली येईतो पाइपात साचलेलं गार पाणी आधी सोडावं लागणार, आणि ज्याची अंघोळ पहिली त्याची बादली वाया. शिवाय गच्ची सगळ्यांची, म्हणजे सभा आल्या. बंगला असता तर मी दुसरा विचारही केला नसता.

गॅस गीझर मी दारातूनच परत पाठवला. आमच्या न्हाणीघराला वीतभर खिडकी आहे आणि ती अण्णा थंडी म्हणून लावून घेतात. अशा जागी कार्बन मोनॉक्साइड साठतो, त्याला ना वास ना रंग. तुझ्या नावाचा इतिहासही असाच आहे. आइसलंडमधल्या एका उसळत्या ऊन झऱ्याचं नाव गेसिर, त्यावरून हा शब्द आला. तो यंत्राला दिला लंडनच्या बेंजामिन मॉन याने, १८६८ साली, आणि त्याच्या त्या गॅसच्या यंत्रात धूर बाहेर न्यायची सोयच नव्हती! आपल्याकडे वज्रेश्वरीला, राजापूरला ऊन पाण्याचे झरे आहेत, त्यांना आपण उन्हाळे म्हणतो. तुलाही तेच म्हटलं असतं तर सासूबाईंना आवडलं असतं.

हीट पंप मात्र मला मनापासून आवडला. तो म्हणजे उलटा फ्रीज. बाहेरच्या हवेतली उष्णता गोळा करून पाण्यात टाकतो, आणि एक युनिट वीज घेऊन तीन युनिटांच्या आसपास उष्णता देतो. विजेवर चालणाऱ्यांत पाणी तापवण्यातच बचत करणारा असा हा एकटाच, आणि पुण्याची हवा त्याला चांगली मानवते. हॉटेलं आणि वसतिगृहं तो घेतात ते उगाच नाही. आमची गाडी अडली ती किमतीवर आणि जागेवर. त्याला मोकळी हवा लागते, आणि तू आत्ता पडला आहेस त्या बाल्कनीत आधीच तीन गोष्टी आहेत. तो लहान आणि स्वस्त झाला तर पुढचा गीझर तोच.

शेवटी १५ लिटरचा पाच ताऱ्यांचा आणला. १५ लिटर म्हटल्यावर अण्णांच्या कपाळाला आठ्या पडल्या. त्यांना मी बादली-तांब्या घेऊन दाखवलं. साठ अंशांचे १५ लिटर आणि नळाचे वीस अंशांचे १५ लिटर मिसळले की चाळीस अंशांचं ३० लिटर होतं, दीड बादली. त्यांची अंघोळ एका बादलीत होते, त्यातही दोन तांबे पायावर. इतकी वर्षं आपण पंचवीस तापवून दहा राखत बसलो होतो, म्हटल्यावर ते काही बोलले नाहीत. त्यांच्याकडून होकार असाच येतो.

नव्याच्या पोटात काचलोकर नाही, फेस ओतून घट्ट केलेलं पफ आहे. ते घसरत नाही. टाकी पोलादी, आतून काचेचा लेप, आणि मधे मॅग्नेशियमची एक कांडी. पाण्याने पोलाद खाऊ नये म्हणून ती स्वतः झिजते. प्लंबरने बजावलंय की दर दोन वर्षांनी उघडून बघा, संपली असेल तर बदला, कांडी संपली की टाकीची पाळी. थर्मोस्टॅट फार खाली ठेवू नका असंही सांगून गेला, कोमट साठलेल्या पाण्यात जंतू वाढतात.

मी तीच परीक्षा त्याचीही घेतली. दहा ते सहा, सगळं बंद. या वेळी वॉचमनकाकांनी काही विचारलं नाही, खुर्ची पुढे केली. ०.२ आलं. तो लहान आहे आणि ती रात्र एप्रिलची होती, त्यामुळे तुझ्याशी तुलना पुरती न्यायाची नाही, हे कबूल. अण्णा अजूनही पाचला उठून बटण दाबतात. मी आता काही म्हणत नाही. त्या बटणाची किंमत पूर्वीइतकी राहिलेली नाही.

भंगारवाल्याशी दुपारी फोनवर बोलले. गीझर म्हटल्यावर त्याचा पहिला प्रश्न, "टाकी तांब्याची का?" हो म्हटल्यावर त्याचा आवाज बदलला. अण्णांनी मागून सांगितलं, "वजन माझ्यासमोर करायचं म्हणावं." २००३ साली बंबाचं वजन होताना सासूबाई अशाच मोडवाल्याच्या काट्यापाशी उभ्या राहिल्या होत्या, पदर खोचून, आणि त्याने पासंग दाखवल्याशिवाय बंब हातचा सोडला नव्हता.

कळावे, लोभ असावा.

तुझी,
न्हाणीघराबाहेर टॉवेल घेऊन ताटकळणारी

ता. क. दिवाळीच्या पहिल्या अंघोळीला यंदा आम्ही नऊ जण आहोत. १५ लिटर पुरायचे नाहीत. गॅसवर मोठं पातेलं चढवायचं ठरलंय, आणि पहिला नंबर कुणाचा यावरून भांडण आत्ताच सुरू झालंय.