स्वेन्यो

१४ जानेवारी, माद्रिद
स्पॅनिशच्या वर्गात गृहपाठ वाचून दाखवला. ‘मला झोप आली आहे’ असं म्हणायचं होतं, मी लिहिलं होतं ‘तेंगो उन स्वेन्यो’. बाईंनी त्यातला ‘उन’ तेवढा खोडला. ‘उन’ असला की ‘माझं एक स्वप्न आहे’, तो गेला की ‘मला झोप आली आहे’. स्वेन्यो म्हणजे झोप, डोळ्यांवरची पेंग आणि स्वप्नसुद्धा. नुसता अर्थ पाठ करून भागणार नाही. शब्दाच्या शेजारी कोण उभं आहे, ते पाहायला हवं.

१७ जानेवारी
कोश घेऊन बसले. लॅटिनमध्ये शब्द दोन होते: सोम्नुस म्हणजे झोप, सोम्निउम म्हणजे स्वप्न. पिढ्यान् पिढ्यांच्या तोंडी झिजत दोन्ही एकाच रूपाला आले. ‘म्न’चा ‘न्य’ झाला, आघाताखालच्या ‘ओ’चा ‘उए’. ‘सोन्यार’ म्हणजे स्वप्न पाहणे. त्यात आघात पुढे सरकतो, म्हणून जुना ‘ओ’ टिकला.

सोम्नुस आणि आपलं ‘स्वप्न’ एकाच मुळाचे. संस्कृतात स्वप्न म्हणजे झोपही. गीतेच्या सहाव्या अध्यायात आहार-विहारापाठोपाठ येणारा स्वप्न म्हणजे झोपच. आई तो अध्याय रोज म्हणते. साताऱ्याच्या घरात हा अर्थ लहानपणापासून माझ्या कानावर पडत होता, तो उमगला मात्र इथे.

२३ जानेवारी
घरमालकीणबाईंना रात्री झोप लागली नाही. त्या म्हणाल्या, ‘कोन्थिलियार एल स्वेन्यो’ जमलं नाही. कोन्थिलियार म्हणजे समेट घडवणे. आपण निद्रादेवीची आराधना करतो, इथे तिच्याशी जुळवून घेतात. कंटाळवाणा सिनेमा ‘दा स्वेन्यो’, म्हणजे झोप आणतो. ‘नि एन स्वेन्योस’ म्हणजे थेट आपलं ‘स्वप्नातसुद्धा नाही’. स्वेन्योस हे अनेकवचन दिसलं की बहुधा स्वप्नंच समजायची.

६ फेब्रुवारी
१७९९ साली याच तारखेला ‘दियारिओ दे माद्रिद’ या वृत्तपत्रात चित्रकार गोयाच्या ‘लोस काप्रिचोस’ या ८० चित्रांच्या संचाची जाहिरात आली होती. तो विकायला होता देसेन्गान्यो रस्त्यावरच्या अत्तरं आणि मद्याच्या दुकानात. त्या चित्रांचे तांब्याचे पत्रे अल्काला रस्त्यावरच्या सान फेर्नांदो अकादमीच्या संग्रहात आहेत. तिथून आज पायी जाताना मनात ४३वं चित्र होतं: मेजावर डोकं टेकलेला माणूस, मागे घुबडं आणि वटवाघळं. मेजावर लिहिलंय की बुद्धीचा स्वेन्यो राक्षस जन्माला घालतो.

कोणता स्वेन्यो? झोप म्हटलं, तर बुद्धी निजली की राक्षस माजतात. स्वप्न म्हटलं, तर खुद्द बुद्धीच स्वप्नात राक्षस रचते. इथे ‘उन’सारखा सोबती मदतीला येत नाही. प्रादो संग्रहालयात जपलेल्या, या चित्रावरच्या जुन्या टिपणीत म्हटलंय की बुद्धीने सोडून दिलेली कल्पना राक्षस निर्माण करते आणि बुद्धीची साथ मिळाली, तर तीच कलांची आई होते. माझा कल त्यामुळे झोपेकडे आहे. तरी मराठीत आणताना एक अर्थ हातचा जाणार, ही हळहळ राहतेच.

१३ फेब्रुवारी
पहाटे आई स्वप्नात आली. ओट्याशी उभी राहून काहीतरी निवडत होती. जाग आली तेव्हा इथे पाच वाजले होते, साताऱ्यात साडेनऊ. लगेच फोन केला.

“इतक्या लवकर कशी उठलीस गं? झोप होत नाही का?”

स्वप्न सांगितलं. मग हेच इथल्या भाषेत कसं म्हणतात, तेही सांगितलं: ‘सोन्ये कोन मि माद्रे.’

“कोण?”

“कोण नाही गं, कोन. म्हणजे सोबत. तू माझ्या स्वप्नात आलीस असं इथे म्हणत नाहीत. आईसोबत स्वप्न पाहिलं, असं म्हणतात.”

ती क्षणभर गप्प राहिली.

“सोबतच म्हणायचं,” ती म्हणाली. “पहाटे मीही जागीच होते.”