नंबर जुळला, पुढे काय?

लखनौहून हरदोई रस्त्याने निघालं की मलिहाबाद येतं. हा दशहरी आंब्याचा मुलूख. इथल्या एका बागेत परवा आम्ही दोघं आंबे सोडून एका जुन्या ब्लॉकवर वाकलो होतो. दुसरे होते एक निवृत्त सुबेदारसाहेब. फौजेत जेसीओला अधिकारीही 'साहेब'च म्हणतात.

जीप त्यांच्या वडिलांची, उंच बॉनेटची महिंद्रा. मुलगा म्हणत होता, डिझेल इंजिन बसवा आणि मोकळे व्हा. साहेबांनी मला एवढंच विचारलं, "सर, इस पर पैसा लगाऊँ या नहीं?"

पहिलं काम ओळखीचं. पुढे पाण्याच्या पंपाजवळ कोरलेला नंबर तारेच्या ब्रशने साफ केला. आरसी बुकाशी जुळला. मग हेड काढलेल्या ब्लॉककडे पाहिलं. प्रत्येक सिलेंडरशेजारी दोन व्हॉल्व्ह असतील, तर ते महायुद्धातल्या विलीसचं एल-हेड. इथे एकच होता, एक्झॉस्टचा. म्हणजे एफ-हेड; याचे इनलेट व्हॉल्व्ह वर हेडमध्ये असतात. दोन्हींचा मूळ बोअर ३.१२५ इंच, क्षमता २.२ लिटर.

नंबर जुळला म्हणून ब्लॉक चांगला ठरत नाही. एक्झॉस्टची सीट ब्लॉकमध्येच असल्याने सगळी आग तिथे सोसली जाते. सीट आणि बोअर यांच्यामधली पातळ भिंत तडकते. तिथे रॉकेल लावलं, पुसलं आणि वर खडूची पूड भुरभुरली. तडा असेल तर आत मुरलेलं रॉकेल पुडीवर रेघ उमटवतं. चारही ठिकाणी पूड कोरडी राहिली.

मग बोअर गेज. प्रत्येक सिलेंडर वर, मध्ये, खाली आणि प्रत्येक ठिकाणी आडवा-उभा मोजला. वरखाली ७ थाऊचा फरक निघाला. एक थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग. ५ थाऊच्या पुढे नुसत्या नव्या रिंगा घालून भागत नाही. रिबोअर करावाच लागतो.

निर्णय ठरवला तो जुन्या पिस्टनने. काजळी खरवडल्यावर माथ्यावर '०२०' दिसलं. म्हणजे एकदा २० थाऊ रिबोअर झालेला होता. या इंजिनाला ४० पर्यंत जाता येतं.

मी सांगितलं, "साहेब, पैसे लावा. पण हा शेवटचा रिबोअर. पुढच्या वेळी लायनर घालावे लागतील."

ते थोडं थांबून म्हणाले, "अगली बार बेटा देखेगा." मुलगा काही बोलला नाही, पण गेज हातात घेऊन पहिला सिलेंडर त्याने पुन्हा मोजला.

एकच सूचना देऊन निघालो: आधी ४० ओव्हरसाइझचे पिस्टन हातात येऊ द्या, ते मोजा, मगच ब्लॉक मशीनवर चढवा. बोअर पिस्टनच्या मापाने कापतात, आणि कापलेलं लोखंड परत येत नाही.